दोन लाख किलोमीटरच्या स्विफ्टला पुन्हा दम कसा आला: चौदा महिन्यांचा अनुभव

डिसेंबर २०२४. महाडला ताईकडे निघालो होतो. साताऱ्याहून मेढा, केळघर, महाबळेश्वर, आणि तिथून आंबेनळी घाट खाली. गाडीत चार माणसं, डिकीत तांदळाचं पोतं. अर्धा घाट उतरल्यावर ब्रेकचा पाय नेहमीपेक्षा खोल जाऊ लागला आणि गाडीत जळक्या लायनरचा वास भरला. शेजारी आमचे अण्णा. एसटीत ड्रायव्हर म्हणून आयुष्य काढलेला माणूस. ते आवाज न चढवता म्हणाले, "दुसरा टाक. आणि पाय काढ." दुसऱ्या गिअरवर गाडी आवरली, वळणावर जागा बघून बाजूला घेतली आणि वीस मिनिटं चाकांकडे बघत उभे राहिलो.

गंमत अशी की तेव्हा माझ्या मोबाइलमध्ये गाडीची ताकद वाढवायची यादी तयार होती. धुऊन वापरायचा कापडी एअर फिल्टर, फ्री फ्लो (धूर कमी अडवणारा) सायलेन्सर, इरिडियम प्लग, शिवाय इंजिनाच्या कॉम्प्युटरचं गणित बदलणारी कुठली तरी 'चिप'. खर्चाचा अंदाजही काढून ठेवला होता. उभ्या उभ्या अण्णांना यादी सांगितली. ते म्हणाले, "पळवायची कशी ते नंतर बघ. आधी थांबते का बघ."

गाडी मारुती स्विफ्ट व्हीएक्सआय, पेट्रोल, २००८ ची. १२९८ सीसीचं जी१३बीबी इंजिन, नवेपणी ताकद ८७ बीएचपी आणि ओढ (टॉर्क) ११३ न्यूटन मीटर. मी ती २०१३ मध्ये साताऱ्यातल्या एका डॉक्टरांकडून ५२ हजार किलोमीटरला घेतली. त्यांनी काही वर्षं एलपीजी किट चालवून मग काढून टाकलं होतं. या गोष्टीकडे मी दहा-अकरा वर्षं लक्षच दिलं नाही, आणि शेवटी तीच महत्त्वाची निघाली. कामाला हात घातला तेव्हा मीटरवर १,९१,४०० होते, आज २,१२,६०० आहेत. म्हणजे खाली जे लिहिलंय ते २१ हजार किलोमीटर चालवून लिहिलंय.

आमचे मिस्त्री यादी ऐकून हसले. "मालक, आधी हिचा दम मोजू. दम गेलेल्या बैलाला बेंदराची झूल घालून काय करायचंय?" चारही प्लग काढून त्यांनी कॉम्प्रेशन गेज लावला, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते मोजणारा मीटर. या इंजिनाचा नवा आकडा साधारण १९९ पीएसआय, १७० च्या खाली गेला तर काम निघालं असं समजायचं, आणि दोन सिलिंडरांमधला फरक १४ च्या वर नको. माझे आकडे आले १८२, १८०, १७९ आणि चौथ्याला १५८. माझा चेहरा पडला, कारण डोळ्यांसमोर इंजिन उघडलेलं आणि चाळीस हजारांचं बिल दिसत होतं. मिस्त्रींनी चौथ्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजलं. पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या असतील तर ऑइलच्या थरामुळे फट भरते आणि आकडा चढतो. तो जेमतेम दोनने चढला. म्हणजे रिंगा ठीक होत्या आणि गळती वर, व्हॉल्व्हमधून होती.

टॅपेट म्हणजे व्हॉल्व्ह दाबून उघडणारा भाग, तो आणि व्हॉल्व्ह यांच्यात बारीक गॅप लागतो. टॅपेट कव्हर उघडल्यावर कारण सापडलं. चौथ्या सिलिंडरच्या एका एक्झॉस्ट व्हॉल्व्हला गॅप जवळजवळ उरलाच नव्हता. गॅसवर चाललेल्या इंजिनात व्हॉल्व्हची सीट (व्हॉल्व्ह जिथे टेकतो ती कडा) लवकर झिजते, व्हॉल्व्ह हळूहळू वर सरकतो आणि गॅप मिटत जातो. मग व्हॉल्व्ह नीट बसतच नाही आणि त्या फटीतून दम निघून जातो. बाहेरून काही कळत नाही. टॅपेट ढिले झाले तर टकटक तरी ऐकू येते, आवळले गेले तर इंजिन उलट शांत चालतं. मी मित्रांना अभिमानाने सांगायचो, ऐका, कसं मुलायम चालतंय!

गार इंजिनावर सोळाही टॅपेट सेट केले. मजुरी ६०० रुपये, टॅपेट कव्हरचं पॅकिंग वेगळं. आठवड्याने पुन्हा मोजलं तर चौथा १७५. सीट थोडी खराब झालीच आहे, ती काही भरून येणार नाही, पण फरक सातवर आला. या सगळ्या चौदा महिन्यांत गाडीच्या ओढीत सर्वांत मोठा फरक या ६०० रुपयांनी पाडला. माझ्या यादीत हे काम नव्हतंच.

माझ्या मोजण्याची रीतही सांगतो, नाहीतर 'पिकअप वाढलं' असं जो तो म्हणतो. रविवारी पहाटे कोरेगाव रस्त्यावरचा एक सरळ, मोकळा तुकडा, तिसरा गिअर, ४० ते ८०. मागच्या सीटवर माझी मुलगी मोबाइलवर वेळ लावायची. प्रत्येक वेळी जाताना दोनदा, येताना दोनदा, आणि चारांची सरासरी. सुरुवातीला १३.१ सेकंद. टॅपेटनंतर ११.६. नवे साधे प्लग, नव्या प्लग वायरी, थ्रॉटल बॉडीची सफाई आणि नवा ऑक्सिजन सेन्सर झाल्यावर १०.९. कापडी फिल्टर बसवल्यावर १०.८. मुलगी म्हणाली, "बाबा, हा माझ्या बोटाचा फरक आहे." बरोबर होतं तिचं.

ऑक्सिजन सेन्सरबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण जुन्या गाडीत तो मरत नाही, आळसावतो. चेक इंजिनचा दिवा लागत नाही. एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन किती उरला ते तो इंजिनाच्या कॉम्प्युटरला सांगतो, आणि त्यावर इंजेक्टर किती वेळ उघडायचा ते ठरतं. सेन्सर संथ झाला की कॉम्प्युटर अंधारात चाचपडतो. माझा कारखान्यातून आलेला, १ लाख ९१ हजार किलोमीटर चाललेला होता. वर्कशॉपच्या स्कॅनरवर त्याची रेघ म्हाताऱ्या माणसासारखी रेंगाळत वर-खाली होताना दिसली. (सुरुवातीला मी ऑनलाइन मागवलेला ब्लूटूथ स्कॅनर लावला होता. त्याचं माझ्या गाडीशी बोलणंच झालं नाही. २०१० च्या आधीच्या बऱ्याच गाड्यांना हा अनुभव येतो.) आता ई२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलच्या दिवसांत या सेन्सरचं काम आणखी वाढलंय. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी ऊर्जा असते, शिवाय त्याला हवा कमी लागते, म्हणून तेवढ्याच हवेला इंधन जास्त सोडावं लागतं. ते सोडायचा हिशोब सेन्सरच्याच भरवशावर चालतो.

टाकी पूर्ण भरून, पुन्हा पूर्ण भरून काढलेलं ॲव्हरेज: आधी गाव-हायवे मिळून १२.१, आता १४.०. पाच वर्षांपूर्वी १४.८ मिळायचं. ई२० मुळे सहा-सात टक्के घट हिशोबानेच येते, त्यामुळे त्या १४.८ च्या मागे लागणं मी सोडून दिलंय. इंजिनापाशी येणारा इंधनाचा रबरी पाइप आणि इंजेक्टरचे रबरी रिंग मात्र बदलून घेतले. जुन्या पाइपाला क्लिपजवळ बारीक भेगा होत्या. त्या इथेनॉलने पडल्या की सतरा वर्षांच्या उष्णतेने, कोणास ठाऊक. भेग ती भेग.

इंजिन ऑइलच्या बाबतीत माझी चूक झाली. आधीपासून जाड २०डब्ल्यू-५० पडत होतं. मी उत्साहात एकदम महाग फुल सिंथेटिक ५डब्ल्यू-३० घातलं. सकाळी इंजिन हलकं वाटायचं खरं, पण दोन महिन्यांत क्रँकच्या पुढच्या सीलमधून पाझर सुरू झाला आणि ५,००० किलोमीटरमध्ये पाऊण लिटर ऑइल कमी झालं. सील बदलायचं होतंच, कारण टायमिंग बेल्टची मुदतही लाखभर किलोमीटरची असते आणि माझा दुसरा बेल्ट तिकडेच चालला होता. बेल्ट, आयडलर, वॉटर पंप, पुढचं सील असं एकदम उरकलं आणि १०डब्ल्यू-४० वर स्थिरावलो. आता ५,००० ला अंदाजे २०० मिली भर घालावी लागते. या वयाच्या इंजिनाला ती चालते.

आता ब्रेक. आंबेनळीत जे झालं ते पॅडचं कमी आणि ब्रेक ऑइलचं जास्त होतं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, अगदी रबरी पाइपांतूनही. डॉट ३, डॉट ४ या ब्रेक ऑइलच्या प्रती. कोरडं डॉट ३ किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओलावा खाल्लेल्या डॉट ३ ची किमान मर्यादा १४० वर येते. लांब उतारावर पाय ब्रेकवरच ठेवला की कॅलिपरमध्ये ते उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात, आणि पेडल दाबलं की ऑइलऐवजी वाफ दबते. गार झालं की पेडल पुन्हा घट्ट, म्हणून माणूस विसरून जातो. माझ्या गाडीतलं ऑइल पाच वर्षांचं, चहाच्या रंगाचं झालं होतं. पूर्ण काढून डॉट ४ भरलं (किमान २३० कोरडं, १५५ ओलं, दोन्ही एकाच जातीची, त्यामुळे सिस्टिमला चालतात). डिस्कच्या कडेला किमान जाडी कोरलेली असते, ती आम्ही केव्हाच ओलांडली होती, म्हणून डिस्कही नव्या. पॅड साधे, कंपनीच्या मापाचे. एका दुकानदाराने 'स्पोर्ट्स पॅड' दाखवले होते. ते गरम झाल्यावर चांगले धरतात, पण सकाळी गार असताना पहिल्या चौकात धरायला उशीर करतात असं त्यानेच सांगितलं. माझी गाडी बहुतेक वेळा पहिल्या चौकातच असते. मागच्या ड्रमचे लायनर बदलले, हँडब्रेक आवळला. झालं.

फेब्रुवारीत त्याच घाटाने त्याच ओझ्यासह गेलो. अण्णांचा नियम पाळला: ज्या गिअरात चढतो त्या गिअरात उतरायचं. पोलादपूरला उतरून चाकाजवळ हात नेला, गरम होतं पण वास नव्हता. खरं सांगायचं तर यातलं श्रेय डॉट ४ ला किती आणि नियमाला किती, ते वेगळं काढता येत नाही.

टायरसाठी मी सर्वांत जास्त डोकं खाल्लं, स्वतःचंही आणि दुकानदाराचंही. जुने टायर १६५/८० आर १४, नक्षी अर्ध्याहून जास्त शिल्लक, म्हणून कधी बदलावेसे वाटले नाहीत. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. माझ्यावर होते ३११७. म्हणजे २०१७ चा एकतिसावा आठवडा. रबर वाळून लाकूड झालं होतं आणि पावसात यवतेश्वर घाटाच्या वळणांवर पुढचं चाक घसरायचं ते उगीच नाही. १५ इंची अलॉय आणि १९५/६० घ्यायचा मोह झाला. बाहेरचा व्यास बरोबर जुळतो, दिसतंही झकास. पण टायरची बाजू १३२ मिलिमीटरवरून ११७ वर येते, आणि आमच्या भागात रात्री खड्डा दिसतो तो चाक त्यात गेल्यावरच. शेवटी याच स्विफ्टच्या झेडएक्सआय या महागड्या मॉडेलला कंपनीनेच दिलेलं माप घेतलं, १८५/७० आर १४, जुन्याच लोखंडी रिमवर. व्यास ६२० वरून ६१५ मिलिमीटर, फरक एक टक्क्याच्या आत. (त्यामुळे मीटर किंचित जास्त किलोमीटर दाखवतो, म्हणजे वरचं १४.० खरं १३.९ धरा. मी असाच आहे.)

वीस मिलिमीटर रुंदीने आणि ताज्या रबराने गाडी बदलली. ब्रेक लवकर लागतो, पावसात पुढचं टोक ऐकतं. तोटा: जागेवर स्टीअरिंग जरा जड झालं आणि कधीकधी चाकांचा आवाज जाणवतो. हवा पुढे ३२, मागे ३०, गार टायरवर, पंधरा दिवसांनी.

टायर आणि शॉकअप एकाच महिन्यात करा, हा माझा आग्रह. मी आधी टायर घातले आणि शॉकअप दोन महिन्यांनी. मधल्या काळात नवा टायर आतल्या कडेने झिजू लागला, कारण लोअर आर्मचे (चाक खालून धरणाऱ्या दांड्यांचे) रबरी बुश फाटले होते आणि अलाइनमेंट केली तरी आठवड्यात हलायची. पुढचे स्ट्रट, त्यांचे वरचे माउंट, मागचे शॉकअप, दोन्ही लोअर आर्म, लिंक रॉड, सगळं कंपनीच्या मापाचं. कमी उंचीच्या स्प्रिंगा सुचवणारे भेटले. १७० मिलिमीटरच्या ग्राउंड क्लिअरन्सवर आमच्या कॉलनीचे स्पीड ब्रेकर आत्ताच गाडीचं पोट खाजवतात, त्यामुळे तो विषय तिथेच संपला.

कापडी फिल्टरची कथा. ४,२०० रुपये. तो हवा जास्त सोडतो, म्हणजे जास्त हॉर्सपॉवर, असा दावा. आवाज वाढला आणि तो मला आवडला, हे कबूल. घड्याळाने काही दिलं नाही ते वर आलंच. कारण सोपं आहे: या इंजिनाला कागदी फिल्टर स्वच्छ असेल तर तो अडथळा होतच नाही. उसाच्या हंगामात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांमागून कोरेगाव रस्त्यावर तीन महिने गाडी चालवली आणि मग फिल्टरच्या पुढच्या, इंजिनाकडच्या पाइपात पांढरं फडकं फिरवलं. फडक्यावर बारीक तांबूस धूळ आली. हा फिल्टर धुतल्यावर तेल लावून बसवायचा असतो. मी तेल कमी लावलं असेल, नीट बसवला नसेल, काहीही असो. ती धूळ सिलिंडरमध्ये जात होती आणि मी टॅपेटच्या गॅपची काळजी करत बसलो होतो. दुसऱ्या दिवशी अडीचशे-तीनशेचा कागदी फिल्टर परत आला. कापडी १,५०० ला विकला, घेणाऱ्याला धुळीचं सांगूनच.

सायलेन्सरच्या बाबतीत कऱ्हाडच्या मित्राने वाचवलं. त्याच्याकडे अशीच स्विफ्ट, फ्री फ्लो लावलेली. एक दिवस चालवायला घेतली. २,५०० ते ३,००० आरपीएमला गाडीत असा घुमारा भरतो की पुण्याला पोहोचेपर्यंत डोकं दुखतं. वरच्या आरपीएमला थोडी मोकळी वाटते, नाकारत नाही. पण या इंजिनाची पूर्ण ताकद ६,००० ला येते आणि मी खंबाटकी चढताना २,००० ते ३,५०० मध्ये असतो. जिथे मी कधी जातच नाही तिथली ताकद विकत का घ्यायची? 'चिप'चं म्हणाल तर टर्बो नसलेल्या १.३ च्या इंजिनातून तिने काढायला फारसं काही नसतं. क्लच मात्र बदलला, कारण चढाला तो सुटायला लागला होता.

महाबळेश्वरला गाडी दमते ती बिघाड म्हणून नव्हे. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार मीटर उंचीला साधारण दहा टक्क्यांनी घटते आणि महाबळेश्वर १,३५० मीटरच्या आसपास आहे. हे आधी माहीत असतं तर तिथे दर वेळी बॉनेट उघडून बसलो नसतो.

हेडलाइटचं छोटं काम सर्वांना सांगतो. एच४ बल्बच्या टोकाला मीटर लावला तर इंजिन चालू असताना ११.१ व्होल्ट. सगळा करंट जुन्या वायरीतून आणि स्टीअरिंगखालच्या स्विचमधून फिरून येत होता. रिले लावून बॅटरीपासून थेट जाड वायर दिली, १३.२ झाले. हॅलोजनचं व्होल्टेज दहा टक्के घटलं तर उजेड साधारण तीस टक्के घटतो. बल्ब तेच ५५/६० वॉटचे. १,४५० रुपयांत नवे डोळे.

एकूण खर्च: टायर १८,८००, शॉकअप आणि खालची सगळी कामं १७,५००, ब्रेक ८,२००, टायमिंग बेल्ट वगैरे ४,६००, प्लग-सेन्सर-टॅपेट-सफाई ७,४००, क्लच ६,८००, लाइट १,४५०, आणि कापडी फिल्टरचे ४,२०० पाण्यात (म्हणजे धुळीत). सगळे मिळून ६८,९५० (फिल्टर विकून आलेले १,५०० वजा न करता). गाडी विकली तर लाखाच्या आसपास येतील. हिशोब बसत नाही हे बायकोने एकदा सांगितलंय, पुन्हा सांगायची तिला गरज वाटलेली नाही.

कागदपत्रांचंही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेत बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केलं. माझी पंधरा वर्षं २०२३ मध्ये भरली, ५,००० रुपये फी आणि पर्यावरण कर भरून पाच वर्षं मिळाली. २०२८ ला पुन्हा गाडी दाखवायची आहे. तेव्हा तपासणाऱ्याने बॉनेट उघडलं तर त्याला २००८ चीच गाडी दिसायला हवी, हेही निवड करताना डोक्यात होतं. पीयूसी दर सहा महिन्यांनी. सेन्सर बदलल्यापासून आकडा बघताना छातीत धडधडत नाही.

सध्याची तक्रार एकच. थंडीत पहिल्या दोन किलोमीटरला दुसरा गिअर टाकताना खर्र आवाज येतो, गरम झाली की बंद. मिस्त्री म्हणतात सिंक्रो रिंग (गिअर जुळताना दोन्हींचा वेग सारखा करणारी कडी) झिजली, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. अण्णा म्हणतात, "न्यूट्रलला क्षणभर थांब, मग टाक, एसटीत आम्ही जन्मभर तेच केलं." पुढच्या महिन्यात आधी नुसतं गिअर ऑइल बदलून बघणार आहे.